गळा पाहिला का?

एका जंगलवाटेच्या तोंडाशी पक्ष्यांचा माहितीफलक आहे. फ्लेक्सचा, लोखंडी चौकटीवर ताणलेला, एका कोपऱ्यात फाटून वाऱ्यावर फडफडणारा. त्यातल्या खालच्या ओळीत एक निळा पक्षी आहे आणि त्याखाली नाव लिहिलंय ‘टिकेलचा निळा माशीमार’. फोटोतल्या पक्ष्याचा गळा मात्र निळा आहे, नारिंगी रंग छातीवर सुरू होतो. म्हणजे तो टिकेल नव्हेच. हिमालयातून हिवाळ्यात खाली उतरणारा त्याचा भाऊबंद, निळ्या गळ्याचा माशीमार. येणारा-जाणारा फलकासमोर घटकाभर थांबतो, फोटोचा फोटो काढून घेतो आणि आत ओढ्याकाठी जो पहिला निळा-नारिंगी पक्षी दिसेल त्याला ते नाव देऊन मोकळा होतो. गंमत अशी की बहुतेक वेळा ते नाव बरोबरच निघतं, कारण सह्याद्रीत या रंगांचा माशीमार दिसला तर तो टिकेल असण्याचीच शक्यता जास्त. चुकीचं चित्र पाहून माणसं बरोबर उत्तर देतात. खुपतं ते हेच.

त्या फलकात आणखी एक गोष्ट आहे. छापील रंगांत पिवळा आणि किरमिजी उन्हानं आधी उडतात, निळा मागे उरतो. त्यामुळे दोन-तीन उन्हाळे खाल्लेल्या फलकावरचे सगळेच पक्षी हळूहळू निळसर होत जातात. बुलबुलाच्या बुडाचा लाल गेला, हळद्याचा पिवळा गेला, आणि माशीमाराच्या छातीवरचा नारिंगी आता फिकट साय झालाय. खऱ्या पक्ष्याच्या अंगावरचा हिशेब निराळा. त्याचा नारिंगी हा पिसात मुरलेला रंगकण आहे. कुठल्याही कोनातून बघा, तो नारिंगीच. निळा हा रंगकणच नव्हे. पिसाच्या बारीक तंतूंमध्ये केराटिन (आपल्या नखांतही असतं ते प्रथिन) आणि हवेची साबणाच्या फेसासारखी सूक्ष्म रचना असते, ती निळा प्रकाश परतवते आणि खालचा काळा थर बाकीचा प्रकाश गिळून टाकतो. उजेड कमी पडला किंवा पक्षी उजेडाच्या विरुद्ध बसला की हा निळा चक्क काळा दिसतो. दाट झाडीत टिकेल पहिल्यांदा दिसतो तो असाच: वर काळपट, खाली विटकरी. निळा शोधत बसणाऱ्याला तो समोर असून दिसत नाही.

म्हणून रंगापेक्षा रंग कुठे थांबतो ते बघावं.

टिकेलच्या नराचं वर्णन एका ओळीत सांगायचं तर चोचीच्या बुडापासून छातीच्या खालच्या टोकापर्यंत अखंड नारिंगी आणि तिथे एकदम पांढरं पोट. ‘एकदम’ हा शब्द महत्त्वाचा. नारिंगी विरत विरत पांढऱ्यात जात नाही, आडव्या रेषेत कापल्यासारखा संपतो. वरची बाजू निळी. कपाळ, भुवई आणि खांद्याचा ठिपका त्यातल्या त्यात उजळ, आणि चोच व डोळा यांच्यामधली जागा काळसर. निळ्या गळ्याच्या माशीमाराची पाठ जवळजवळ अशीच आणि पोटही तसंच पांढरं. फरक फक्त हनुवटी ते गळा एवढ्या दोन बोटांच्या जागेत आहे, आणि तिथेही निसर्गानं खोडी करून ठेवली आहे. काही नरांच्या निळ्या गळ्यात छातीचा नारिंगी पाचरीसारखा मधोमध वर घुसतो. पक्षी समोरून तोंड करून बसला असेल आणि तुम्ही खालून बघत असाल तर ती पाचर पुरता गळा व्यापल्यासारखी वाटते आणि टिकेल म्हणून नोंद होऊन जाते. अशा वेळी त्यानं मान वळवेपर्यंत थांबायचं. बाजूनं पाहिलं की गालाखालचा निळा खाली गळ्यावर उतरतो की नारिंगीला वर राहू देतो, हे लगेच कळतं. टिकेलमध्ये नारिंगी थेट चोचीला भिडतो.

संग्रहालयांतल्या खणांमध्ये पेंढा भरलेले पक्षी पाठीवर निजवून ठेवतात, पोट वर. खण ओढला की पहिल्यांदा दिसतात गळे आणि छात्या. निळ्या गळ्याच्या माशीमाराला प्राणिशास्त्रज्ञ व्हिगर्सनं १८३१ मध्ये शास्त्रीय नाव दिलं, पांढऱ्या पोटाच्या निळ्या माशीमाराला जर्डननं १८४० मध्ये, टिकेलला कलकत्त्याच्या ब्लाइथनं १८४३ मध्ये. अशी कातडी ओळीनं मांडली की गळ्यांतला फरक न दिसणं अशक्य. आपल्याला जंगलात मिळते ती पाठ. ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर तो आपल्याकडे पाठ करून बसतो, शेपटी एकदा हलवतो, चार-सहा सेकंद थांबून उडतो. पुस्तकातल्या चित्रात जे पहिल्या नजरेत दिसतं, ते प्रत्यक्षात शेवटी दिसतं किंवा दिसतच नाही. पाठीवरून टिकेल आणि निळ्या गळ्याचा माशीमार यांना वेगळं काढता येतं असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर मला तरी पटत नाही.

पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार हा फक्त पश्चिम घाटाच्या परिसराचा रहिवासी. आंबोलीत आणि तिथून दक्षिणेला गोवा-कर्नाटकाच्या ओल्या जंगलात तो भेटतो. नर अगदी सोपा: डोकं, गळा, छाती सगळं गडद निळं आणि मग पांढरं पोट, नारिंगीचा मागमूस नाही. घोटाळा मादीपाशी होतो. तिचा गळा आणि छाती नारिंगी आणि पोट पांढरं, म्हणजे समोरून थेट टिकेल. इथे नजर शेपटीकडे न्यायची. पांढऱ्या पोटाच्या माशीमाराच्या मादीची शेपटी तांबूस-तपकिरी असते, पाठ मातकट, डोक्यावर राखाडी झाक आणि चोच-डोळ्यामधली जागा फिकट. टिकेलची मादी नरासारखीच, फक्त सगळं पाण्यात खळबळून फिकं पडलेलं. पण तिच्या पंखांत आणि शेपटीत राखाडी का होईना, निळा असतोच. निळ्या गळ्याच्या माशीमाराची मादीही वरून तपकिरी, गळा सायीच्या रंगाचा आणि छाती नारिंगी. तेव्हा छाती नारिंगी, पोट पांढरं आणि शेपटी निळसर असं तिन्ही जुळलं तर पूर्ण वाढलेल्या मादीबाबत निर्धास्तपणे टिकेल म्हणावं. शेपटी तपकिरी असेल तर तिथेच थांबून बाकीचे दोन पर्याय तपासावेत. नुसती छाती बघून मादी ओळखणाऱ्यांच्या याद्यांमध्ये टिकेल नेहमीच जरा जास्त असतात.

बाकीचे निळे पक्षी खरं तर इतके अवघड नाहीत. वावरण्याची पद्धत पाहिली तरी काम भागतं. व्हर्डिटर माशीमार अंगभर मोरपिशी, नारिंगी कुठेच नाही, आणि बसतो तो उंच झाडाच्या शेंड्याला, निष्पर्ण फांदीच्या टोकावर, सगळ्यांना दिसेल असा. अल्ट्रामरीन माशीमाराच्या पांढऱ्या छातीवर दोन्ही बाजूंनी गडद निळा आत येतो पण मध्ये मिळत नाही, आणि आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या नराला बहुधा पांढरी भुवईही असते. निळ्या डोक्याचा रॉक थ्रश निळा-नारिंगी असला तरी अंगानं बराच मोठा, त्याचं बूड नारिंगी आणि पंखावर पांढरा डाग. दाट सावलीत हलता हलत नाही, म्हणून फसवतो खरा, पण तो डाग दिसला की प्रश्न मिटला. इंडियन ब्लू रॉबिनला ठळक पांढरी भुवई, आखूड शेपटी, आणि तो जमिनीवर पाचोळ्यात उड्या मारत फिरतो. टिकेलही किडा उचलायला जमिनीवर उतरतो, पण उतरतो आणि लगेच फांदीवर परततो, तिथे चालत-फिरत नाही.

ब्लॅक-नेप्ड मोनार्कबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहावे लागतील, कारण निळ्या पक्ष्यांच्या निम्म्या चुका त्याच्यापाशी होतात. नर स्वच्छ आकाशी निळा, मानेवर मागे मखमली काळा ठिपका आणि गळ्याखाली बारीक काळी रेघ, पोट पांढरट. मादीला ना ठिपका ना रेघ. डोकं निळं, पाठ आणि पंख राखाडी-तपकिरी. हा माशीमारांच्या कुळातला नव्हेच. त्याचं नातं स्वर्गीय नर्तकाशी आणि थोडं लांबून कोतवालाशी. ते नातं वागण्यात उतरलंय. टिकेल ताठ बसतो, एका जागी बसतो, एकटा किंवा जोडीनं असतो. मोनार्क एका फांदीवर तीन सेकंद टिकला तर नशीब. शेपटी पसरतो, उचलतो, वळतो, पानामागे जातो, आणि बहुधा मिश्र थव्याबरोबर असतो. तपकिरी गालाचे सातभाई, वटवटे, एखादा कोतवाल असा गोतावळा झाडीतून सरकतोय आणि मधूनच निळं काहीतरी चमकतंय, तर आधी मोनार्कचा विचार करावा. थवा निघून गेल्यावरही त्याच ओढ्याच्या त्याच वळणावर जो एकटा बसून राहिला, तो टिकेल.

टिकेलला शोधायचं तर त्याच्या उंचीवर शोधावं. जमिनीपासून एक ते तीन मीटर, सावलीत, पाण्याजवळ; वेली लोंबणाऱ्या, ओढ्याच्या दरडीला लागून असलेल्या फांद्या, बांबूच्या बेटाची आतली बाजू. कर्नाळा, सिंहगडाची दरी, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, भीमाशंकर, कुठेही हा नकाशा फारसा बदलत नाही. नवखे लोक मान वर करून चालतात आणि तो त्यांच्या कमरेच्या उंचीवर बसलेला राहून जातो. पहिल्यांदा बहुतेक वेळा आवाजच येतो: धातूच्या बारीक तारेवर नखं फिरवल्यासारखी सहा-सात स्वरांची छोटी लकेर, किंवा नुसतं ‘टिक्-टिक्’. आवाज आला की त्या दिशेनं चालू लागायचं नाही. जागच्या जागी उभं राहून आवाजाच्या अलीकडच्या फांद्या खालून वर तपासायच्या. तो माशी धरायला झेपावतो आणि जवळपासच परत येतो; नेमक्या त्याच फांदीवर येईल असं नाही, पण दहा-पंधरा पावलांच्या आत नक्की. दहा मिनिटं न हलता उभं राहणाऱ्याला तो पाठ, बाजू, छाती असं सगळं दाखवतो. चालत राहणाऱ्याला फक्त उडताना दिसतो.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची बरी. दहा पटीची घेतली तर प्रतिमा मोठी दिसते, पण बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगातून डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ५.२५ मिलिमीटरवरून ४.२ वर येतो, आणि गच्च झाडीत हा फरक गळा निळा की काळा हे ठरवतो. शिवाय आठ पटीत दिसणारा परीघ मोठा, त्यामुळे झेपावलेला पक्षी पुन्हा सापडतो. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या दुर्बीण डोळ्याला लावली की भिंगांवर धुकं साचतं. रुमालानं कितीही पुसा, ते परत येतं, कारण काच अजून थंड असते. वीसेक मिनिटं आधी खिडक्या उघडून टाकाव्यात, नाहीतर तेवढा वेळ काठावर बसून जळवा झटकाव्यात. पक्षी दिसत असेतोवर पुस्तक किंवा मोबाइल उघडू नये. चोचीपासून सुरुवात करून हनुवटी, गळा, छातीची कड, पोट, डोळ्यापुढची जागा, शेवटी शेपटी असं स्वतःशी पुटपुटत खाली यावं. जो भाग दिसला नाही तो ‘दिसला नाही’ असाच लिहावा. हे कंटाळवाणं आहे, पण पुस्तक आधी उघडलं की चित्रातलं पक्ष्यावर दिसू लागतं.

कॅमेऱ्यावर फार विसंबण्यातही धोका आहे. काळोख्या झाडीत पांढऱ्या पोटाचा चिमुकला पक्षी असेल तर कॅमेरा भोवतालचा अंधार मोजतो आणि सगळं चित्र उजळवतो. पोट पांढरंफटक होतं, त्याचा उजेड छातीवर सांडतो आणि जी कड बघायची तीच नाहीशी होते; नारिंगीची साय होते. एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, दोन तृतीयांश ते एक स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) खाली ओढलं तर कड वाचते. हिरव्या पानांतून झिरपलेल्या उजेडात कॅमेऱ्याचं स्वयंचलित रंगसंतुलन गोंधळतं आणि निळा कधी जांभळा, कधी हिरवट येतो, म्हणून फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता येतील अशा कच्च्या स्वरूपात, काढून ठेवलेला बरा. फ्लॅशनं तर निळ्या पिसांवर अशी झळाळी येते की टिकेलचा व्हर्डिटर व्हावा. दांडेलीजवळ गणेशगुडीसारख्या ठिकाणी पाण्याच्या कुंड्यांवर पक्षी अगदी जवळून मिळतात. पण अंघोळ केलेल्या पक्ष्याची पिसं चिकटतात, नारिंगी गडद होतो आणि छातीची सरळ कड दातेरी दिसते. तो अंग झाडून कोरडा होईपर्यंत थांबावं.

संध्याकाळी बरेचसे पक्षी गप्प झाल्यावरही टिकेल शिकार करत असतो. उजेड जातो तशी आपल्या डोळ्याची तांबड्या-नारिंगी रंगाची जाण आधी मंदावते, आणि छाती राखाडी दिसू लागते. तरीही छातीची गडद बाजू आणि पोटाची फिकी बाजू यांच्यामधली रेघ शेवटपर्यंत टिकते. रंग दोन्ही गेले तरी कड उरते. तेवढ्यावर जात सांगता येत नाही, पण तो मोनार्क किंवा व्हर्डिटर नाही एवढं ठरतं.

चोचीच्या बुडाशी माशीमारांना ताठ केसांसारखी पिसं असतात. त्यांचं जाळं करून माशी पकडली जाते असं सांगायची जुनी पद्धत आहे. धडपडणाऱ्या किड्याच्या पाया-पंखांपासून डोळे वाचवायला ते केस असावेत, हे जास्त पटतं. शिकार चोचीच्या टोकानं होते. चाळीस-पन्नास फुटांवरूनही मिटल्या चोचीचा ‘टक्’ असा आवाज कधी कधी ऐकू येतो.

ओळख पटवायला महिना नोंदवणं गळ्याइतकंच उपयोगी, आणि तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. निळ्या गळ्याचा माशीमार, व्हर्डिटर, अल्ट्रामरीन, रॉक थ्रश हे आपल्याकडे पाहुणे. ते साधारण पावसाळा सरता सरता येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जुलैत भीमाशंकरला नारिंगी छातीचा निळा माशीमार दिसला तर गळा न दिसताही टिकेल म्हणायला हरकत नाही. तोच पक्षी तशाच अर्धवट अवस्थेत जानेवारीत दिसला तर मात्र नाव लिहायचं नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जात न ठरवता नुसतं कुळ नोंदवायची सोय आहे, ती वापरायला लोक का लाजतात कोण जाणे. एका यादीत एक नाव कमी झालं म्हणून कुणाचं काय जातं! उलट जानेवारीतले असे ‘बहुधा टिकेल’ सरसकट टिकेल म्हणून चढवले, तर निळ्या गळ्याचा माशीमार आपल्या भागात हिवाळा कुठे काढतो हे कळायचा रस्ताच बंद होतो.

हाक वाजवून पक्षी बाहेर काढणाऱ्यांबद्दल माझं मत कडू आहे. टिकेलचा नर मोबाइलवरच्या गाण्याला हटकून येतो, छाती दाखवतो, फोटो होतो, ओळख पटते. पण एप्रिल ते ऑगस्ट हा त्याच्या विणीचा काळ. दरडीच्या किंवा खोडाच्या भोकात शेवाळं आणि पानांची वाटी करून मादीनं तीन ते पाच अंडी घातलेली असतात, आणि अस्तित्वातच नसलेल्या शत्रूशी नर अर्धा तास भांडत राहतो. वर सांगितलेली दहा मिनिटं उभं राहायची तयारी असेल तर मोबाइल खिशातच राहतो.

याच काळात एक नवा घोटाळा समोर येतो तो पिल्लांचा. घरट्यातून नुकतंच निघालेलं पिल्लू तपकिरी, अंगभर फिकट ठिपके-खवले, नारिंगी नाही, छातीला कड नाही. वरचे सगळे नियम रद्द. शेपटीत निळा दिसला म्हणून टिकेल ठरवावं, तर आंबोलीच्या पट्ट्यात पांढऱ्या पोटाच्या माशीमाराच्या नर पिल्लाच्याही शेपटीत निळा असतो. तिथे एकच खात्रीचा उपाय: चांगलं वीस-पंचवीस पावलं मागे सरून झाडाआड उभं राहायचं आणि त्याला भरवायला कोण येतं ते बघायचं. नर आला तर गळ्यावरून क्षणात निकाल लागतो. फक्त मादी येत राहिली तर तिची शेपटी बघायची. पालक चोचीत किडा धरून समोर नुसतेच ‘टिक्-टिक्’ करत बसले आणि पिल्लाकडे येईनात, तर आपण अजूनही फार जवळ आहोत. आणखी मागे जायचं.